मुंबईहून आलेला जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी हे वाचा. विंडोज १० बंद झालं तरी मशीन चालतं

रत्नागिरी : गणपतीला किंवा मे महिन्यात चाकरमानी गावाला येतो, तेव्हा हल्ली मिठाईच्या बॉक्सबरोबर बॅगेत आणखी एक वस्तू असते. जुना लॅपटॉप. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा पवईत नोकरी करणाऱ्याच्या ऑफिसनं मशीन बदललेली असतात, नाहीतर मुलुंडच्या काकांनी मुलासाठी नवा घेतलेला असतो. मग जुना गावाकडे येतो. "पोरांना अभ्यासाला होईल," असं म्हणून काका तो ओटीवर ठेवतात आणि चार दिवसांनी रात्रीच्या गाडीनं परत जातात.

पुढची गोष्ट घरोघरी सारखीच. लॅपटॉप सुरू होतो, पण सारखी एक सूचना येते की तुमच्या विंडोजची मुदत संपली. तालुक्याच्या दुकानात दाखवला की उत्तर मिळतं, "ह्यात अकरा बसत नाही, नवीन घ्या." घाटकोपरला फोन लावला तर दादा म्हणतो, "अरे, माझ्याकडे तर बरा चालत होता!" आणि लॅपटॉप कपाटावर जातो.

दुकानदार खोटं बोलत नाही. पण त्यानं सांगितलेलं पूर्णही नाही. अकरा बसत नाही म्हणजे लॅपटॉप मेला, असं नसतं. आणि काही दुकानांत थोडे पैसे घेऊन अकरा जबरदस्तीनं बसवून देतात, तेही नेहमी शहाणपणाचं नसतं. दोन्हींच्या मधला जो रस्ता आहे, तो इथे सांगतोय.

मुदत संपली म्हणजे नेमकं काय झालं?

विंडोज १० हे मायक्रोसॉफ्टनं जुलै २०१५ मध्ये आणलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचा आधार थांबवला. त्या तारखेनंतर लॅपटॉप बंद पडत नाही. फाइल उघडतात, गाणी वाजतात, इंटरनेट चालतं. थांबतं ते एवढंच की सिस्टिममध्ये नवीन भोक सापडलं तर ते बुजवणारा अपडेट येत नाही. कौल फुटला की लगेच घर पडत नाही, पण पावसाळ्यात कळतं. तसंच हे.

ही भीती उगाच नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या व्हायरसनं जगभरातले लाखो कॉम्प्युटर कुलूपबंद केले. ज्या भोकातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता किंवा ज्यांची सिस्टिम इतकी जुनी होती की त्यांना तो मिळालाच नव्हता, ते अडकले. त्याच वर्षी जूनमध्ये नोटपेट्या नावाचा दुसरा व्हायरस आला. त्यात मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर बंद पडले आणि आपल्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. म्हणजे ही फक्त अमेरिकेतली गोष्ट नाही. आपल्या घरच्या लॅपटॉपवर बँकेचा पासवर्ड, आधारचं पीडीएफ, सातबारा आणि मुलीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म असतो. तेवढं नुकसान आपल्याला पुरतं.

अकरा का बसत नाही?

विंडोज ११ ला चार जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. एवढं बहुतेक लॅपटॉपमध्ये असतं. अडतं ते दोन ठिकाणी. एक, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मशीनमध्ये लागते. दोन, प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीतला लागतो. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या शेवटी किंवा त्यानंतर आलेला. थोडेसे अपवाद सोडले तर त्याआधीचे सगळे बाद.

आपला कितव्या पिढीचा हे ओळखणं सोपं आहे. विंडोजमध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग अबाउट उघडा. तिथे प्रोसेसरपुढे नंबर लिहिलेला असतो. आय ५-४३००यू असेल तर पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी. आय ५-८२५०यू असेल तर आठवी. आय ५-१०२१०यू असेल तर दहावी. बरेच जण लॅपटॉपवरचा 'आय ५' किंवा 'आय ७' चा स्टिकर बघून खूश होतात. चौथ्या पिढीचा आय ७ अकराच्या यादीत नाही आणि आठव्या पिढीचा आय ३ आहे. घेताना स्टिकर बघू नका, नंबर बघा.

आठवी किंवा पुढची पिढी असूनही 'बसत नाही' असं दिसत असेल, तर कधी कधी टीपीएम नुसतं बंद ठेवलेलं असतं. बायोसमध्ये जाऊन ते चालू करता येतं. हे काम दुकानातून करून घेतलं तरी चालेल, पण 'नवीन घ्या' म्हणायच्या आधी हे तपासायला सांगा.

जबरदस्तीचं अकरा

जुन्या मशीनवर तपासणी चुकवून अकरा बसवण्याच्या युक्त्या आहेत. रुफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं तसा पेनड्राइव्ह बनवता येतो. बसतंही आणि चालतंही. मग हरकत काय?

पहिली हरकत, अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असं मायक्रोसॉफ्टनंच स्पष्ट सांगितलंय. दरवर्षी येणारी मोठी आवृत्ती अशा मशीनवर आपोआप येत नाही, पुन्हा तीच युक्ती करून हातानं बसवावी लागते. घरगुती विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीला दोन वर्षंच आधार असतो. म्हणजे आज पैसे देऊन बसवून घेतलं आणि नंतर कोणी बघितलं नाही, तर दोन वर्षांनी पुन्हा तिथेच. दुसरी हरकत, चार जीबी रॅम आणि फिरणारी जुनी हार्डडिस्क असलेल्या मशीनवर अकरा बैलगाडीच्या चालीनं चालतं. आणि फार जुन्या, कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनवर अकराची २४एच२ ही आवृत्ती सुरूच होत नाही, कारण तिला लागणाऱ्या सूचना त्या प्रोसेसरला कळत नाहीत. तिथे युक्तीही चालत नाही.

तिसरी हरकत सगळ्यात मोठी. गावोगावी फिरणाऱ्या 'विंडोज ११ लाइट'च्या पेनड्राइव्हमध्ये कोणी काय घातलंय हे कोणालाच माहीत नसतं. सोबत 'अॅक्टिव्हेटर' असतो आणि तो चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. चोराला आत घेण्याआधी कुत्रा बांधून ठेवायचा, असला हा प्रकार. सुरक्षेसाठी नवीन सिस्टिम बसवायची आणि तीच अशी घ्यायची, याला अर्थ नाही.

आधी एक फुकटची मुदतवाढ

ज्यांना विंडोजच हवंय, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला वाढीव सुरक्षा अपडेट देऊ केलेत. घरगुती वापरासाठी त्यांची तारीख १३ ऑक्टोबर २०२६ आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडलं की नाव नोंदवायची लिंक दिसते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती लागते आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर चालू ठेवला तर पैसे पडत नाहीत. दहावी-बारावी किंवा सीईटीचं वर्ष असेल आणि आत्ता छेडछाड नको असेल तर हे करून टाका. पण हा कायमचा उपाय नाही, वेळ काढणं आहे.

तुमच्या फोनचा भाऊ

कायमचा उपाय म्हणजे लिनक्स. नाव ऐकून घाबरू नका. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे. केरळमधल्या सरकारी शाळांतले कॉम्प्युटर कित्येक वर्षांपासून लिनक्सवर चालतात. तिथल्या 'काइट' या सरकारी संस्थेनं उबुंटूवरून शाळांसाठी स्वतःची आवृत्तीच बनवलीय.

लिनक्सचे प्रकार पुष्कळ. पहिल्यांदा बसवणाऱ्यानं लिनक्स मिंट घ्यावं असं माझं मत आहे. ते विंडोजसारखंच दिसतं, खाली डाव्या कोपऱ्यात मेनू असतो. पैसे लागत नाहीत, अॅक्टिव्हेटरची भानगड नाही. किमान दोन जीबी रॅम लागते, चार असेल तर बरं. मिंट २२ च्या आवृत्त्यांना २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. त्यात तीन प्रकार येतात, जुन्या मशीनसाठी त्यातला एक्सएफसीई हा हलका प्रकार घ्या. लॅपटॉपवर फक्त ब्राउझर आणि यूट्यूब बघायचं असेल तर गुगलचं क्रोम ओएस फ्लेक्सही आहे. तेही फुकट, त्याला चार जीबी रॅम लागते. पण त्याची मजा नेट असेल तरच, आणि आपल्याकडे पावसाळ्यात नेटचं काय होतं ते सांगायला नको.

कोणी बसवू नये?

हे आधी वाचा, मग पुढे जा. आपले सरकार सेवा केंद्र किंवा सीएससी चालवत असाल तर लिनक्सच्या वाटेला जाऊ नका. अंगठ्याच्या मशीनची सेवा विंडोज आणि अँड्रॉइडसाठी असते. टॅली वापरणाऱ्या दुकानदारांनी, सरकारी टायपिंगची परीक्षा देणाऱ्या मुलांनी आणि श्रीलिपी किंवा आयएसएमवर डीटीपी करणाऱ्यांनी विंडोजच ठेवावं. जुन्या शिवाजी किंवा कृतिदेव फाँटमधल्या फाइल लिनक्सवर उघडतात, तो फाँट कॉपी करून टाकला तर दिसतातही, पण रोजचं काम त्यावर करणं त्रासाचं.

प्रिंटरचंही बघून घ्या. एचपीचे बहुतेक प्रिंटर लिनक्सवर नीट चालतात. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडे प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात दिसतो, तो मात्र लिनक्सवर डोकं खातो.

उरलेल्यांना, म्हणजे अभ्यास, ऑनलाइन फॉर्म, मेल, व्हिडिओ, महाभूलेख, डिजिलॉकर, अर्ज टाइप करणं, हिशोबाचा तक्ता एवढंच काम असणाऱ्यांना काही अडत नाही. ही सगळी कामं ब्राउझरमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये होतात आणि लिब्रेऑफिस मिंटसोबतच येतं.

पेनड्राइव्ह कसा करायचा?

मिंटची फाइल साधारण तीन जीबीची असते. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर ती एका दिवसात उतरणार नाही. सगळ्यात सोपं म्हणजे बोरिवलीच्या भाच्याला फोन करा. त्याच्या घरी वायफाय असतं. मिंटच्या अधिकृत साइटवरून फाइल उतरवून, आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा बलेना एचर या सॉफ्टवेअरनं ती 'लिहायची' आणि गावाला येणाऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायची. नुसती कॉपी-पेस्ट केलेली फाइल चालत नाही. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह देऊ नका.

मुंबईत कोणी नसेल आणि घरात दुसरा कॉम्प्युटर नसेल, तरी फोनवरून होतं. एच्‌ड्रॉइड नावाचं फुकट अॅप प्ले स्टोअरवर आहे. इंग्रजीत ई, टी, सी, एच आणि पुढे ड्रॉइड असं शोधा. ओटीजी केबलनं पेनड्राइव्ह फोनला लावला की हे अॅप लिनक्सची फाइल त्यावर लिहून देतं. फोनची बॅटरी पूर्ण भरून घ्या.

आधी चालवून बघा, मग बसवा

लिनक्सची ही सोय मला सगळ्यात आवडते. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना बूट मेनूचं बटण दाबायचं. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ १२, एचपीला एस्केप दाबून मग एफ ९, आसुसला एस्केप. एसरला एफ १२ च, पण ते आधी बायोसमध्ये चालू करावं लागतं. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट पेनड्राइव्हवरूनच उघडतं. तुमच्या हार्डडिस्कला तोपर्यंत हात लागलेला नसतो. पाच-दहा मिनिटं घालवा. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, सगळी बटणं उमटतात का, वायफाय दिसतं का? आवडलं नाही तर बंद करा, पेनड्राइव्ह काढा, तुमचं विंडोज होतं तसं आहे.

वायफाय दिसलं नाही तर लगेच निराश होऊ नका. ब्रॉडकॉम कंपनीची चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये असं होतं. फोन केबलनं लॅपटॉपला जोडा, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच येतं. मग मिंट बसवून झाल्यावर ड्रायव्हर मॅनेजर उघडलं की तो वायफायचा ड्रायव्हर सुचवतो.

आणखी एक गोष्ट, जी मला माझ्या घरच्या लॅपटॉपनं शिकवली. सगळं बसलं, नेट आलं, पण एकही साइट उघडेना. प्रत्येक ठिकाणी 'सुरक्षित नाही'. तासभर डोकं खाजवल्यावर तारीख बघितली, तर ती कित्येक वर्षं मागची होती. आतला बटणासारखा छोटा सेल संपला होता. बऱ्याच मशीनमध्ये तो सीआर २०३२ नंबरचा असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. काही लॅपटॉपमध्ये मात्र त्याला वायर जोडलेली असते, तेव्हा आधी उघडून बघा.

बसवताना

बसवण्याआधी फोटो, कागदपत्रं, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बाहेर काढून घ्या. फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर किंवा गुगल ड्राइव्हवर, तिथे १५ जीबी फुकट आहे. पासवर्ड वहीत. हे झाल्याशिवाय पुढचं बटण दाबू नका, कारण 'इरेज डिस्क' हा पर्याय निवडला की विंडोज आणि त्यातलं सगळं जातं. आणि ते परत येत नाही.

दुसरं, महावितरणचा अंदाज घ्या. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक मेलेली असते. अर्ध्यात लाइट गेली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. इन्व्हर्टर असेल तर त्यावर लावा, नसेल तर लाइट टिकते अशा वेळी बसा. एरवी अर्ध्या तासाचं काम आहे, जुनी हार्डडिस्क असेल तर जास्त. विचारेल तिथे मल्टिमीडिया कोडेकच्या चौकटीत टिक करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. तुम्ही ठेवलेला पासवर्ड लिहून ठेवा, प्रत्येक नवीन सॉफ्टवेअर टाकताना तो लागतो.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट वाढवायचा असतो. इनस्क्रिप्ट येत असेल तर मराठीचा इनस्क्रिप्ट घ्या. युनिकोड फाँट आधीच असतात, मराठी वाचायला काही टाकावं लागत नाही.

शिकायचं असेल तर पवईच्या आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प आहे. लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, बरेच मराठी आवाजातले, फुकट. फोनवर व्हिडिओ लावायचा आणि लॅपटॉपवर करून बघायचं. एमएस-सीआयटी केलेल्याला सुरुवातीला लिब्रेऑफिसचे मेनू वेगळे वाटतील, आठवड्यात हात बसतो.

पैसे घालायचे तर कशात?

फिरणारी हार्डडिस्क काढून एसएसडी टाका. जुन्या लॅपटॉपमध्ये याच्याइतका फरक कशानंच पडत नाही. चालू व्हायला तीन-चार मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटाच्या आसपास येतं. बहुतेकांना अडीच इंची साटा एसएसडी बसते. त्यानंतर रॅम चारची आठ. चौथ्या-पाचव्या पिढीच्या लॅपटॉपला डीडीआर थ्री एल लागते, शेवटचा 'एल' महत्त्वाचा. दुकानदार साधी डीडीआर थ्री देऊ लागला तर घेऊ नका. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर आल्यासारखा वाटला, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी ती बॅटरी काढून घ्या. चार्जरवर लॅपटॉप तिच्याशिवायही चालतो.

कॅनालिस या बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीनं २०२३ च्या शेवटी अंदाज दिला होता की विंडोज १० संपल्यामुळे जगात २४ कोटी कॉम्प्युटर भंगारात जाऊ शकतात. त्यातले काही आपल्या गावातल्या ओटीवर येणार आहेत. पुढच्या खेपेला मुलुंड-घाटकोपरचं कोणी 'लॅपटॉप आणू का' म्हणून विचारेल तेव्हा फोनवरच विचारून घ्या. प्रोसेसरचा नंबर काय? ऑफिसचा असेल तर बायोसचा पासवर्ड आणि कंपनीचं कुलूप काढलंय का, कारण ते कुलूप आपल्याकडे कोणालाच उघडता येत नाही. ऑफिसनं दिल्याचा कागद किंवा विकत घेतला असेल तर बिल आहे का? आणि चार्जर मूळचा आहे ना?